वाट बघायची पट्टी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. रंग हिरवा, पाती तीन, जाळीला एका बाजूने पोचा आलेला. बटणे चार : शून्य, एक, दोन आणि तीन. माझ्याविषयी काही चांगले मत करून घ्यायचे असेल तर आताच करून घ्या. पुढे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती ऐकल्यावर तुम्ही माझ्या वाऱ्याला बसाल की नाही, याची मला खात्री वाटत नाही. मी हेवेखोर आहे. थोडाथोडका नव्हे, चांगला तीन नंबरचा.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे माझी तिन्ही पाती एकाच वजनाची आहेत ना, हे दोनदा तोलून पाहिले गेले. मग मला तपासणीच्या टेबलावर नेले. तिथल्या बाई प्रत्येक पंख्यासमोर पातळ कागद धरत आणि तो कसा फडफडतो ते बघत. माझ्यासमोरचा कागद सरळ आडवा तरंगत राहिला. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, कसा एकसारखा चालतोय." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते ऐकल्यावर मला कौतुकाची चटक लागली ती कायमची.

ज्या घरात मी आलो तिथे एक नुकतेच लग्न झालेले जोडपे राहत होते. नवरा मालाच्या गोदामात कारकून होता आणि बायको लोकरीचे कपडे विणत असे. शेजारपाजारची सगळी मुले तिला मावशी म्हणत, म्हणून नवऱ्याला आपोआपच काका म्हणू लागली. काकांना गोदामातली एक सवय जडली होती. ते घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवत. डब्यावर 'डबा' लिहिलेले घर तुम्ही पाहिले नसेल, मी पाहिले आहे. माझ्या बुडाशीही त्यांनी 'पंखा (टेबलाचा)' अशी चिठ्ठी लावली. कंस कशाला केला, असा मला तेव्हा प्रश्न पडला. मग वर पाहिले तर छताला दुसरा पंखा लटकत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटात दुखले.

पण छताचा पंखा सगळ्यांचा होता आणि मी एकट्या मावशीचा. ती खिडकीजवळच्या टेबलाशी विणायला बसे. मी टेबलाच्या कोपऱ्यावर. दुपारी ऊन टेबलावर आले की ती न बघता हात लांब करून माझे बटण दाबी, आणि माझा वारा तिच्या मानेवर जाई. धुतलेले छोटे स्वेटर ती टॉवेलवर नीट आकारात पसरून ठेवी, तेही मीच वाळवत असे. लहान बाळांचे कपडे विणण्यात तिचा हातखंडा होता. खांद्यावर बटणे लावून उघडणारा एक स्वेटर तिने स्वतः शोधून काढला होता, बाळाच्या डोक्यावरून ओढावा लागू नये म्हणून. बायका नमुना विचारायला येत. ती चौकटींच्या कागदावर टाके मांडून द्यायची, सुलट टाक्याला रिकामी चौकट, उलट टाक्याला फुली. कागद हातोहात पसरत. तिचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नसे.

आता माझा एक दोष सांगतो. माझ्या वाऱ्याने ते कागद उडत. मावशी त्यांच्यावर कात्री ठेवी, कपबशी ठेवी, कधी कोपर ठेवी. "अरे, जरा दम धर की," असे मला म्हणे. रागावून नव्हे, हसून. मला ते फार आवडे. कुणी आपल्याशी बोलते आहे म्हटल्यावर आणखी काय पाहिजे!

आणि मग नऊ वर्षांपूर्वी तो आला.

एका खोक्यातून मावशीच्या धाकट्या भावाने, म्हणजे सगळ्यांच्या मामाने, एक चपटी काळी पाटी बाहेर काढली आणि नेमकी माझ्या जागेवर ठेवली. मी टेबलाच्या मागच्या कडेला सरकलो. मामा म्हणाला, "ताई, हा लॅपटॉप. आता कागद बंद. चौकटी यातच मांडायच्या." मावशीने दोन दिवस भीत भीत बोट लावले. तिसऱ्या दिवशी तिने एक सबंध नमुना मांडला आणि काकांना हाक मारली. "अहो, बघा तरी. याचे कागद उडत नाहीत!"

मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्याचे नाव चपट्या ठेवले. त्याला मान नाही, पाती नाहीत, जागचा हलत नाही, वारा म्हणाल तर फुंकरीएवढाही नाही. आणि मावशी दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसते! तो प्रकाशायचा आणि तिचा चेहरा उजळायचा. मी तिच्या मानेवर वारा घालायचो तेव्हा ती कधी माझ्याकडे बघत नसे. मी मागेच राहिलो आणि मागून तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे टक लावून बघत राहिलो. सात-आठ वर्षे मी एवढेच केले.

मग गेल्या वर्षाच्या सुरुवातीला ते पत्र आले. एका प्रकाशिकेला बाळांच्या विणकामाचे पुस्तक काढायचे होते. सत्तर नमुने हवे होते, आणि मुखपृष्ठावर मावशीचे नाव छापायचे होते. मावशीने पत्र चार वेळा वाचले. काकांनी त्याच्यावर 'पत्र (पुस्तकाचे)' अशी चिठ्ठी लावली आणि डोळे पुसले. मीही खूश झालो असे तुम्हाला वाटेल. मी आधी एवढेच मोजले की सत्तर नमुने म्हणजे ती आणखी किती दिवस त्याच्यासमोर बसणार.

एव्हाना चपट्या थोडा मंद झाला होता. बटण दाबल्यावर तो उठायला वेळ लावी. मावशीला रिकाम्या हातांनी बसता येत नाही. मग तिने त्या वेळात विणायला एक निराळीच पट्टी घेतली. आठ टाक्यांची, पांढऱ्या लोकरीची, ती कशासाठी हे तिलाही माहीत नव्हते. चपट्याचे बटण दाबले की सुया उचलायच्या, तो तयार झाला की खाली ठेवायच्या. त्या दिवसाची खूण म्हणून शेवटी एक ओळ उलटी विणायची. ती तिला 'वाट बघायची पट्टी' म्हणे. सुरुवातीला दोन खुणांमध्ये चार ओळी असत.

पुस्तकाचे ऐकून मामाला चेव आला. "ताई, एवढं मोठं काम, आणि असा भिकार सरंजाम? थांब तू." तो दुसरा मोठा पडदा घेऊन आला. मग तो जोडायला एक खोका, बिनतारी कीबोर्ड, निळे दिवे लागणारे स्पीकर आले. मावशीने स्पीकर एकदाच लावले आणि त्यातून आलेला आवाज ऐकून स्वतःच दचकली. टेबलावर तारांचा असा गुंता झाला की कात्री शोधताना तिच्या हाताला निम्म्या वेळा तारच लागायची. नवीन काही जोडले की ती पट्टीची लोकर बदलायची. पडदा आला तेव्हा निळी लावली. ओळी पाच झाल्या.

"अजून हळूच आहे की रे," मावशी म्हणाली.

"त्याला वेग वाढवणारं काहीतरी टाकतो," मामा म्हणाला. त्याने एक टाकले, मग त्याच्या जोडीला दुसरे, आणि व्हायरसची घाण घुसू नये म्हणून एक राखणदार. आधीचा एक राखणदार आत होताच. मावशीने पिवळी लोकर घेतली. ओळी नवांवर गेल्या. मामा मोठ्या मायेने हे सगळे करत होता, हेही सांगितले पाहिजे. ताईचे पुस्तक व्हावे असे त्याच्याइतके कुणालाच वाटत नव्हते.

काकांनीही आपल्या परीने मदत केली. नमुने हरवू नयेत म्हणून त्यांनी सात पेनड्राइव्ह आणले. त्यांवर चिठ्ठ्या लावल्या : 'महत्त्वाचे', 'फार महत्त्वाचे', 'नवीन', 'नवीन (खरे)'. पुढचे मी वाचले नाही. कुठल्यात काय आहे हे महिन्याभरात घरात कुणालाच सांगता येईना.

याच सुमाराला चपट्या गरम होऊ लागला. टेबलावर हात ठेवला तर चटका बसे. मावशीने काय केले असेल? तिने त्याच्यासाठी जाड लोकरीचे लाल आसन विणले. कडेला नक्षी, कोपऱ्यांना गोंडे! मी त्या घरात बत्तीस वर्षे राबलो मित्रांनो, मला कधी साधी टोपीसुद्धा मिळाली नाही. आणि हा गरम झाला म्हणून याला गोंडे! पट्टीही लाल झाली. ओळी बारा.

आसनाने काही फरक पडेना. उन्हाळा लागला. एका दुपारी मावशी कपाळाचा घाम पुसत त्याच्याकडे बघत होती. "बिचारा तापलाय," ती म्हणाली. आणि तिने माझी मान धरून वळवली. स्वतःच्या अंगावरून काढून तिने माझा वारा त्याच्यावर सोडला. तीन नंबरवर.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला वाटले की मोटर जळून जावी तर बरे. माझ्या देखत ती घामाने निथळत बसली आणि मी त्या चपट्याला वारा घालत होतो, एखाद्या नोकरासारखा. त्यातल्या त्यात एक समाधान होते. मावशीने पट्टीला हिरवी लोकर लावली. अगदी माझ्या रंगाची. निदान तिच्या विणकामात एकदा तरी आपण आलो, म्हणून मी ती हिरवी ओळ ऐटीत बघत राहिलो.

आणि मग मला एक आवाज ऐकू आला. चपट्याच्या आतून बारीक, कण्हल्यासारखा, ऊं ऊं असा. मी जोर लावत गेलो तसा तो आवाज वाढत गेला. मी म्हटले, वा! रडतोय. माझ्या जोरापुढे याचे काही चालत नाही. आता खरे तेच सांगतो. माझ्या पात्यांवर वर्षानुवर्षांची लोकरीच्या तंतूंची धूळ बसली होती. जाळीवर तर तिची दाढीच वाढली होती. मी फिरलो की त्यातले तंतू सुटून त्याच्याकडे जाताना मला दिसत. ते त्याला बाधतात की नाही हे मला ठाऊक नव्हते. पण बाधले तर बरे, असे मला रोज वाटे. मी जीव ओतून फिरलो. सबंध वर्ष फिरलो. पट्टीत दोन खुणांमध्ये वीस वीस ओळी येऊ लागल्या आणि मी मनातल्या मनात मोजून खूश होत असे.

पुस्तक शुक्रवारी पाठवायचे होते. त्या आधीच्या बुधवारी दुपारी मावशी सत्तरावा नमुना मांडत होती. टोपीचा शेवटचा गोल तेवढा राहिला होता. चपट्या मोठ्याने कण्हला आणि काळा पडला.

मावशीने पुन्हा बटण दाबले. तो उठला, पाच मिनिटे जगला आणि पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो उठलाच नाही. मावशीचा हात तसाच बटणावर राहिला.

"मामाला बोलवा," ती काकांना म्हणाली.

मामा धावत आला. त्याने चपट्याला उलटे केले, सुलटे केले, थोपटले. "ताई, याचं आयुष्य संपलं. नवा घेऊ. उद्याच्या उद्या आणतो."

मित्रांनो, नऊ वर्षे मी या वाक्याची वाट बघत होतो.

"नव्यात माझ्या चौकटी उघडतील?" मावशीने विचारले.

चौकटींचा तो प्रोग्रॅम जुना होता, नव्या यंत्रावर तो चालेल की नाही हे मामालाही सांगता येईना. "पण पेनड्राइव्ह आहेत ना भाऊजींकडे?"

काकांनी सातही पेनड्राइव्ह टेबलावर ओतले. "शेवटचे आठ-दहा नमुने यात नाहीत बहुतेक. म्हणजे असतील. पण कशात ते..."

"अहो, चिठ्ठ्या लावल्यात ना तुम्ही?"

"लावल्यात गं. पण मलाच कळेना."

मावशी खुर्चीत बसली आणि तिने ती पट्टी उचलली. विणायला नव्हे, नुसती हातात धरायला. इतक्या वर्षांत मी तिला विणकाम हातात घेऊन न विणता बसलेले पाहिले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. चपट्या जात होता. पण त्याच्याबरोबर तिचे नावही चालले होते, आणि ते माझ्या हिशोबात कधी आलेच नव्हते.

काका चपला घालून निघाले आणि तासाभरात कोपऱ्यावरच्या दुकानातल्या दुरुस्तीवालीला घेऊन आले. तिशीची, आखूड केसांची, खांद्याला पिशवी. तिने स्क्रूड्रायव्हर शाळेतल्या कंपासपेटीत ठेवले होते. चपट्याला हात लावायच्या आधी ती टेबलाकडेच बघत राहिली.

"मावशी, केव्हापासून हळू चालतोय हा?"

"तारीख नाही सांगता यायची," मावशी म्हणाली, "पण हे बघ." आणि तिने पट्टीची गुंडाळी तिच्या हातात दिली.

दुरुस्तीवालीला काहीच कळेना. मावशीने समजावून सांगितले : या खुणा म्हणजे दिवस, मधल्या ओळी म्हणजे वाट बघण्याचा वेळ, रंग बदलला की काहीतरी नवीन जोडले. दुरुस्तीवाली हळूहळू पट्टी उलगडत गेली. खोली संपली, पट्टी संपेना. काका एक टोक धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती गुडघ्यांवर बसून बोटाने ओळी मोजत पुढे सरकली.

"असा अहवाल मला आजवर कुणी दिला नाही," ती म्हणाली. "बघा हं. पांढऱ्यात चार. निळ्यात पाच, म्हणजे पडद्यानं फारसं बिघडलं नाही. पिवळ्यात एकदम नऊ. पिवळं म्हणजे काय?"

मामाने खाली बघितले. "ते वेग वाढवणारे... मी टाकले होते."

"लालमध्ये बारा. आणि हिरव्यात वीस! हे हिरवं काय आहे?"

मावशीने माझ्याकडे बोट दाखवले. "तो तापायचा ना, म्हणून हा पंखा लावला होता मी. तेव्हापासून."

दुरुस्तीवालीने माझ्याकडे पाहिले. मीही तिच्याकडे पाहिले. पळून जायला माझ्याकडे पाय असते तर मी तेव्हाच गेलो असतो.

"आधी पुस्तक बाहेर काढू, बाकीचं मग," ती म्हणाली. चपट्या एव्हाना थंड झाला होता. तिने तो सुरू केला, पटापट मावशीचे सगळे नमुने एका ठिकाणी गोळा केले आणि सातांपैकी एक पेनड्राइव्ह तपासून त्यात उतरवले. सत्तरच्या सत्तर. शेवटच्या टोपीचा गोल तेवढा अर्धा होता. काकांनी तिथल्या तिथे नवी चिठ्ठी लिहिली : 'हेच'. मावशीचा जीव भांड्यात पडला. बाकीचे सहा पेनड्राइव्ह दुरुस्तीवालीने काकांच्या खिशात घातले. "हे आता कपाटात. एक यात, एक नक्कल या पेनड्राइव्हवर, बास."

मग ती मामाकडे वळली. "एका दारावर दोन राखणदार बसवलेत तुम्ही. ते चोराला सोडून एकमेकांनाच तपासत बसतात. आणि हे वेग वाढवणारे सगळे सकाळी याच्या आधी उठून बसतात." तिने एक राखणदार ठेवला आणि बाकी सगळे काढले. टेबलावरूनही दुसरा पडदा, खोका, स्पीकर आणि निम्म्या तारा उचलल्या. "मावशी, रोज लागत नाही ते टेबलावर नको. आणि सुरू होताना लागत नाही ते सुरू होताना नको. एवढंच सांभाळा."

"स्पीकर पण?" मामाने विचारले.

"ते तूच ने रे बाबा," मावशी म्हणाली.

शेवटी तिने चपट्या बंद केला, त्याला पालथे घातले आणि त्याच्या पाठीचे स्क्रू एकेक करून काढले. झाकण उचलले. मी मान ताणून बघत होतो. शत्रूच्या पोटात काय आहे हे बघण्याची माझी नऊ वर्षांची हौस होती.

तिने चिमट्याने आतून काहीतरी ओढून काढले. बोटाएवढा जाड, घट्ट बसलेला लोकरीचा थर. त्यात रंगांचे पदर होते. मावशीने तो हातात घेतला आणि ओळखला. "हा गुलाबी म्हणजे खांद्यावर उघडणारा. हा पिवळा मोज्यांचा. अगं बाई, सगळं पुस्तकच अडकलंय यात!"

"खालच्या आसनातून ओढलं गेलं, आणि बाजूनं पंख्यानं भरलं. श्वास घ्यायला जागाच राहिली नव्हती याला. तरी बिचारा फिरत होता."

"कोण फिरत होता?" काकांनी विचारले.

"हा." तिने थर निघालेल्या जागी टॉर्च धरला.

मित्रांनो, तिथे एक पंखा होता.

माझ्या बटणापेक्षा जरासा मोठा. बारीक बारीक कितीतरी पाती. दुरुस्तीवालीने एका काडीने त्याचे पाते अलगद अडवून धरले आणि ब्रशने तो झाडला, मग फुंकणीने हवा मारली. "असं धरलं नाही तर हवेनं सुसाट फिरतो आणि मोडतो," ती म्हणाली. नंतर त्याच्या शेजारचा, उष्णता वाहून नेणारा पण आता वाळलेला लेप खरवडून तिने नवा लावला. ते सगळे होईपर्यंत तो काडीला टेकून निमूट उभा होता.

म्हणजे ते ऊं ऊं चपट्याचे रडणे नव्हतेच. तो माझाच एक भाऊबंद होता. नऊ वर्षे एका काळ्या पेटीत बसून तो कुणाला न दिसता वारा घालत होता. त्याला कुणी 'दम धर' म्हटले नाही, कागद धरून त्याचे कुणी कौतुक केले नाही. आणि गेले वर्षभर तो जीव तोडून फिरत होता आणि मी त्याच्या तोंडात लोकर कोंबत होतो. त्याचे कण्हणे ऐकून मी खूश होत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुरुस्तीवालीने बोटाने माझी जाळी पुसली आणि बोट सगळ्यांना दाखवले. "हा कधी पुसलाय शेवटचा?"

"मी चिठ्ठी लावली होती," काका हळूच म्हणाले. "'पंखा पुसणे' अशी."

"कुठं?"

"पंख्याच्या खाली."

"मग हा भंगारात देऊ?" मामाने विचारले. तो माझ्याकडे बघत होता. मी काही तक्रार करणार नव्हतो.

"का रे? त्याचं काय चुकलं?" मावशी म्हणाली. "वळवला मी. पुसला नाही तोही मीच. तू असं कर, त्याची जाळी काढ आणि धुऊन आण."

मामाने मुकाट्याने माझी जाळी न्हाणीघरात नेऊन साबणाने घासली. मावशीने माझी पाती ओल्या फडक्याने पुसली, एकेक करून, टोकापर्यंत. माझ्या मनातले तिला ठाऊक असते तर तिने मला हात लावला असता का, असे मला सारखे वाटत होते.

गुरुवारी सकाळी मावशीने चपट्याचे बटण दाबले आणि सवयीने सुया उचलल्या. तिसरा टाका घालायच्या आत पडदा लख्ख उजळला. ती सुया हातात धरून तशीच बघत बसली. मग तिने ते दोन टाके उसवले आणि पट्टी बंद करून टाकली. लाल आसन काकांच्या चहाच्या किटलीखाली गेले. चपट्या आता उघड्या लाकडावर बसतो, आतून चकार शब्द येत नाही. मी कान देऊन ऐकतो.

त्या दिवशी टोपीचा गोल पुरा झाला. शुक्रवारी दुपारी पुस्तक गेले. पहिल्या पानावर तिचे पूर्ण नाव होते. तिने ते तीनदा वाचून पाहिले आणि मगच पाठवले. मग ती खुर्चीत मागे टेकली, न बघता हात लांब केला, माझी मान आपल्याकडे वळवली आणि तीनचे बटण दाबले.

मी धुतलेला होतो, हलका होतो. सगळा जोर लावून फिरलो. ज्याच्यासाठी मी वर्षभर जळत होतो ते मला मिळाले होते.

मावशीने डोळे मिटले. मग खांदे आवळून घेतले. "अगं बाई," ती म्हणाली, "आता एवढा वारा नाही सोसत मला." आणि तिने एकचे बटण दाबले.

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. तिचे केस पांढरे झाले होते. चष्म्याची काच जाड झाली होती. डाव्या हाताचे मधले बोट सुईवर पूर्वीसारखे वाकत नव्हते. हे सगळे केव्हा झाले? मी तर सतत तिथेच होतो, तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर. पण नऊ वर्षे मी तिच्या खांद्यावरून त्याच्याकडेच बघत होतो.

मित्रांनो, घरातले पंखे पुसत जा, आणि ज्या यंत्राला श्वास घ्यावा लागतो त्याच्या खाली-वर पांघरुणे घालू नका. एखादे यंत्र हळू चालू लागले तर त्याच्यावर आणखी ओझे लादण्याआधी त्याच्या आत कोण राबते आहे ते एकदा उघडून बघा. हेवा करू नका, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझा अजून पुरता गेलेला नाही. परवा मावशी चपट्याला "शहाणा आहेस" म्हणाली तेव्हा माझी मान जरा कुरकुरलीच. फक्त एवढे करा, ज्या माणसासाठी हेवा करता त्या माणसाकडेही अधूनमधून बघत जा.

मी आता एकवर चालतो. तिला तेवढाच सोसतो.